मुंगीच्या वासाने वाळवी हटते, पण किती दिवस? दापोलीच्या कृषी विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि कीटकशास्त्र विभाग,
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली;
तसेच रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कृषी अधिकारी

विषय: मुंग्यांमधील नैसर्गिक रसायनांचा वाळवीवर वापर करण्याआधी कोकणातल्या मातीत व पावसात चाचणी घेण्याबाबत

स.न.वि.वि.

मुंगीच्या अंगातली रसायनं वाळवीला दूर ठेवतात, ही गोष्ट खरी आहे आणि तिला शास्त्राचा आधारही आहे. पण त्या एका वाक्यावरून जे सल्ले निघतात ते धोक्याचे आहेत. आंब्यावरच्या ओंबील, म्हणजे सिंधुदुर्गात ज्यांना हुमले म्हणतात त्या तांबड्या मुंग्या उकळून ते पाणी चौकटीला मारा. रबराचा चीक गोठवायला आणलेलं फॉर्मिक आम्ल जोत्यात ओता. काही फवारू नका, मुंग्या सोडा म्हणजे झालं. यातलं पहिलं फुकट जाणारं आहे, दुसरं घातक आहे आणि तिसरं अर्धंच खरं आहे. विद्यापीठाने या विषयात हात घालावा, एक वर्षाची साधी चाचणी घ्यावी आणि मग कोकणासाठी शिफारस द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र. चाचणी कशी घेता येईल तेही सविस्तर लिहिलं आहे, कारण ती महागडी नाही आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हातून होण्याजोगी आहे.

हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा का, ते आधी सांगतो. नवीन घराच्या जोत्याखाली आजची रूढ पद्धत म्हणजे क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक (२० ईसी, म्हणजे २० टक्के तीव्रतेचं), लिटरला ५० मिली, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण, चौरस मीटरला ५ लिटर. ५० चौरस मीटरच्या छोट्या घराखाली २५० लिटर द्रावण जातं आणि त्यात अडीच किलो शुद्ध विष असतं. भिंतीलगतच्या मातीत जातं ते वेगळंच. घाटावरच्या काळ्या चिकण मातीत हे जागेवर धरून राहण्याची शक्यता जास्त. आपला जांभा सच्छिद्र, भेगाळ. वरून ३,००० मिलिमीटरच्या पुढचा पाऊस, आणि परसदारी विहीर. ज्या विहिरीचं पाणी घरातली पोरं पितात तिच्यापासून हाकेच्या अंतरावर अडीच किलो विष पुरायचं आणि वर्षानुवर्षं विसरून जायचं, हे आम्हाला पटत नाही. म्हणून नैसर्गिक पर्याय हवाच. पण तो टिकणारा हवा. नाहीतर लोक दोन वर्षांत वैतागून पुन्हा दुप्पट विष ओततील.

आता मुंगीकडे काय काय असतं ते पाहू. सगळ्या मुंग्यांत एकच रसायन असतं असं धरून चाललं की पुढचं सगळं चुकतं. हुमले आणि मोठे काळे डोंगळे एकाच उपकुळातले. त्यांना नांगी नसते. पोटाच्या टोकातून ते फॉर्मिक आम्ल फवारतात. हे आम्ल १६७१ मध्ये जॉन रे याने मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून दाखवलं आणि त्याचं नावही मुंगीवरूनच पडलं. या उपकुळातल्या काही मुंग्यांच्या विषपिशवीत आम्लाचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जातं. त्याच्या जोडीला दुसऱ्या एका ग्रंथीतून अनडेकेनसारखे तेलकट हायड्रोकार्बन येतात, त्यामुळे आम्ल किड्याच्या मेणचट कातडीवर पसरतं आणि आत शिरतं. हुमल्याच्या आफ्रिकेतल्या सख्ख्या भावंडाच्या जबड्याच्या ग्रंथीत हेक्झानाल आणि त्याच्या सोबतची धोक्याचा इशारा देणारी द्रव्यं सापडली आहेत. दुसऱ्या एका उपकुळातल्या मुंग्या, ज्या चिरडल्यावर उग्र, खवट वास येतो त्या, इरिडॉइड गटातली द्रव्यं बनवतात, इरिडोमायर्मेसिन त्यातलंच. आग्या मुंग्यांच्या विषात पायपरिडीन गटातले अल्कलॉइड असतात. उत्तर अमेरिकेत तर अशाही मुंग्या आहेत ज्यांच्या अंगाला गवती चहासारखा वास येतो, कारण त्या खरोखरच सिट्रोनेलाल आणि सिट्रल बनवतात.

यांपैकी वाळवीवर सर्वांत नीट तपासलं गेलेलं काम इरिडॉइडवाल्या मुंग्यांवरचं आहे. १९९०च्या दशकात हवाईमध्ये ऑकेटेलस नावाच्या मुंगीचा अर्क वाळूत मिसळून फॉर्मोसन जातीच्या वाळवीवर चाचण्या झाल्या. अर्क घातलेल्या वाळूत वाळवीचं बोगदे खणणं घटलं. याच इरिडॉइड गटातलं, पण वनस्पतीतलं नेपेटालॅक्टोन वाळवीला दूर ठेवतं, हेही अमेरिकेत दिसलं आहे. म्हणजे मूळ कल्पना भक्कम आहे. मात्र हे काम दुसऱ्या वाळवीवर, दुसऱ्या मुंगीवर आणि धुतलेल्या वाळूत झालं. आपल्याकडे वारूळ बांधणारी, आत बुरशीची शेती करणारी ओडोन्टोटर्मिस ही मुख्य वाळवी आहे आणि माती आहे जांभ्याची.

वास हटवतो, मारत नाही, हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे. कामकरी वाळवी आंधळी असते. वास आणि हादरे यांवरच तिचं सगळं चालतं. मुंगीचा वास आला की ती मागे फिरते, त्या जागी माती आणि लाळेचा गिलावा घालून वाट बुजवते आणि हातभर बाजूने नवीन वाट काढते. वारुळातल्या राणीला याचा काहीही त्रास होत नाही. दाराच्या डाव्या चौकटीला अर्क लावला तर उजव्या चौकटीला गिलावा दिसू लागतो, याचं कारण हेच. म्हणून ज्या ठिकाणी बाजूने जायला वाटच नाही, किंवा थोडे महिने राखलं तरी पुरतं, अशाच ठिकाणी हटवणारं द्रव्य कामाचं.

यातूनच एक गोष्ट निघते जी कोणीच सांगत नाही. हल्ली वापरली जाणारी इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं आणि आमिषाचे डबे यांचं सगळं बळ वाळवीला काहीच जाणवू न देण्यात आहे. ती बिनधास्त त्या मातीतून जाते, अंगावर विष घेते, घरात नेऊन इतरांना चाटवते. त्याच जागी मुंगीचा अर्क मारला तर वाळवी तिकडे फिरकणारच नाही, आणि पैसे देऊन केलेलं ते कामही वाया जाईल. आमिषाच्या डब्यात मुंग्यांनी घर केलं की वाळवी डबा सोडून जाते, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन्ही उपाय एकाच भिंतीला करू नयेत, एवढी सूचना जरी तुमच्या पत्रकात आली तरी अनेकांचं नुकसान टळेल.

आता हुमले उकळण्याच्या सल्ल्याचा हिशोब मांडू. एका हुमल्यात ढोबळमानाने १ मिलिग्रॅम आम्ल धरा. जोत्याखाली १ टक्क्याचं द्रावण चौरस मीटरला ५ लिटर द्यायचं, तर चौरस मीटरला ५० ग्रॅम आम्ल लागेल, म्हणजे ५०,००० मुंग्या. ५० चौरस मीटरला २५ लाख. हुमल्यांच्या पूर्ण वाढलेल्या एका वसाहतीत ५ लाखांपर्यंत कामकरी असतात. एका घरासाठी पाच वसाहती, म्हणजे अख्ख्या बागेतले रखवालदार संपवायचे. आणि एवढं करून हातात काय? पाण्याला उकळी आली की हेक्झानाल वाफेबरोबर आधीच उडून जातं, आम्लाचा काही भागही त्याच वाटेने जातो, आणि उरतं ते मुंग्यांचं पाणी.

मग थेट आम्लच का नको? दोडामार्ग, सावंतवाडीकडे रबराच्या बागांत ८५ टक्क्यांचं फॉर्मिक आम्ल मिळतं, स्वस्तही असतं. ते जोत्यात न वापरण्याची कारणं अशी. त्याचा उत्कलनबिंदू १०० अंशांच्या जरासा वर आहे, म्हणजे ते पाण्याच्या जोडीने उडून जातं. चुन्याच्या किंवा सिमेंटच्या सांध्यांशी त्याची लगेच प्रक्रिया होऊन कॅल्शियम फॉर्मेट तयार होतं. ते पाण्यात विरघळतं आणि पहिल्या पावसात वाहून जातं. सांधे खिळखिळे होतात, आम्ल संपतं. सळईपर्यंत पोचलं तर सळई गंजते. मातीतले जिवाणूही फॉर्मेट खाऊन टाकतात. आणि माणसाला याचा धोका फार मोठा: ८५ टक्क्यांचं आम्ल कातडी भाजतं, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, वाफ फुप्फुसाला लागते. बंद माजघरात, पोटमाळ्यावर, हातमोजे-चष्म्याशिवाय कोणी हे करू नये. हे विद्यापीठाने स्पष्ट शब्दांत आणि तातडीने सांगायला हवं. त्यासाठी कुठल्याही चाचणीची वाट पाहायची गरज नाही.

बागेतले हुमले जिवंत ठेवून उपयोगी पडतात का? पडतात, पण मर्यादेत. चीनच्या दक्षिण भागात संत्रावर्गीय बागांसाठी या मुंग्यांची घरटी विकत घेतली जात, याची नोंद इसवी सन ३०४ च्या सुमाराची सांगितली जाते. ऑस्ट्रेलियात आणि आफ्रिकेत काजूवरच्या ढेकण्याविरुद्ध त्यांचा वापर झाला आहे. वाळवीच्या बाबतीत, उघड्यावर आलेली वाळवी हुमले उचलून नेतात. गिलाव्याखालची त्यांच्या हाती लागत नाही. गिलावा असतोच मुळी त्यासाठी. म्हणून बुंध्यावरचा गिलावा नारळाच्या सोडणाने खरवडून काढा, सकाळी, हुमले फिरतीवर असताना. कोयता लावू नका. सालीला जखम झाली तर तिथूनच बुरशी शिरते. उघडी पडलेली वाळवी पुढच्या काही मिनिटांत उचलली जाते. आठवड्याने पुन्हा पाहा, परत गिलावा आला असेल तर परत खरवडा. मोठ्या झाडाला बऱ्याचदा एवढं पुरतं. नव्या कलमाला पुरत नाही, कारण तिथे वाळवी मुळाकडून येते.

हुमले ठेवायचे तर त्याचीही रीत आहे. एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात आणि राणी त्यातल्या एकाच घरट्यात असते. दोन-चार घरटी तोडून दुसऱ्या बागेत नेली की काही आठवड्यांत ती वसाहत संपते. राणी मागेच राहिलेली असते. दोन वसाहती एकमेकींना भिडल्या तर युद्ध होतं, त्यात आम्ल उडून आंब्यावर काळे डाग पडतात आणि हापूसच्या पेटीत तो डाग महाग पडतो. म्हणून वसाहतींच्या सीमेवरच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना लागू देऊ नका; एकाच वसाहतीतली झाडं मात्र सुंभाने जोडा. मोहोरावर तुडतुड्यांसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं की हुमले आधी मरतात. शिवाय ते पिठ्या ढेकणाला आणि खवल्यांना सांभाळतात, त्यांच्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. ज्या बागेत पिठ्या आहे तिथे आधी पिठ्याचा बंदोबस्त, मग हुमले. या सगळ्याचा तोटा-फायदा मांडून कोकणच्या आंबा-काजूसाठी एक शिफारस तुम्हीच देऊ शकता.

घराच्या बाबतीत एक छोटी पण मोलाची गोष्ट. मिरगाच्या पहिल्या पावसात पंखवाली वाळवी दिव्यावर येते, पंख टाकते आणि जोडीजोडीने जमीन शोधते. त्या वेळी तिचा सर्वांत मोठा शत्रू अंगणातली मुंगी असते. त्याच आठवड्यात मुंग्यांची पावडर भिंतीभोवती मारणं म्हणजे नव्या राण्यांना मोकळं रान देणं. जूनमध्ये घराबाहेरच्या मुंग्यांना हात लावू नये.

आता चाचणीबद्दल. आमची विनंती आहे की दापोलीचा विभाग आणि वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र यांनी मिळून ती घ्यावी.

पहिला टप्पा प्रयोगशाळेतला. हुमले काचेच्या बाटलीत गोळा करून फ्रीझरमध्ये मारावेत; चिरडू नयेत, धूर देऊ नये, कारण डिवचलेली मुंगी आम्ल उडवून रिकामी होते. अर्क कशात काढता यावर काय निघेल ते ठरतं, आणि इथेच बहुतेक घरगुती प्रयोग फसतात. हेक्झेन या पेट्रोलसारख्या द्रावकात अनडेकेन आणि कातडीवरचे हायड्रोकार्बन येतात. फॉर्मिक आम्ल त्यात जवळजवळ उतरत नाही. थंड पाण्यात आम्ल येतं, तेलकट भाग मागे राहतो. अल्कोहोलमध्ये दोन्ही थोडंथोडं येतं, पण आम्ल अल्कोहोलशी जुळून हळूहळू एस्टर बनतं, म्हणजे ठेवलेल्या अर्काची ताकद रोज बदलते. म्हणून हेक्झेनचा आणि पाण्याचा असे दोन अर्क वेगळे काढावेत, १ मिलिलिटरमध्ये १० मुंग्या या मापाने, काचेच्याच भांड्यात. प्लास्टिकमधून हेक्झेन इतर द्रव्यं ओढून घेतं आणि मग वाळवी नक्की कशाला घाबरली ते कळत नाही. हेक्झेन भडका घेणारं आहे. वाफा बाहेर ओढणाऱ्या धूरपेटीतच काम करावं.

पाण्याच्या अर्कातलं आम्ल मोजायला महागडं यंत्र लागत नाही. फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा सूचक टाकून ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करा, म्हणजे रंग पालटेपर्यंत ते थेंबाथेंबाने सोडा. त्याचा १ मिलिलिटर म्हणजे ०.४६ मिलिग्रॅम फॉर्मिक आम्ल. यात इतर आम्लंही थोडी धरली जातात, तरी कोकणातल्या हुमल्याचा मुंगीमागे आकडा हाती येतो आणि आमचं वरचं १ मिलिग्रॅमचं गृहीतक तपासता येतं.

वाळवी पकडायला चार इंची पीव्हीसी पाइपाचे वीतभर तुकडे, त्यात ओल्या खोकी-पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या, वारुळापासून एक-दोन मीटरवर निम्मे गाडून वरून कौल झाकावं. आठवड्यात वाळवी भरते. ओडोन्टोटर्मिस आपल्या बुरशीच्या पोळ्यापासून तोडली की प्रयोगशाळेत फार दिवस जगत नाही. म्हणून या वाळवीवरच्या चाचण्या २४ तासांच्या आतल्या ठेवाव्यात आणि पकडल्या दिवशीच घ्याव्यात. आठवडाभराच्या मृत्युदरावरून अर्काला श्रेय देणारे निष्कर्ष या जातीत फसवे निघतात.

निवडीची चाचणी अशी: ९ सेंटिमीटरचा गाळण कागद मधोमध कापून दोन अर्ध्या. एकीवर ०.५ मिलिलिटर अर्क, दुसरीवर तेवढंच नुसतं द्रावक. हेक्झेन असेल तर १५ मिनिटं वाळू द्या, मग दोन्ही सारख्याच पाण्याने ओलवा. मधोमध २० कामकरी आणि २ शिपाई सोडा. अंधार, २७-२८ अंश. अर्ध्या तासाने, मग तासातासाने कोणत्या बाजूला किती ते मोजा, तांबड्या दिव्यात. प्रत्येक मोजणीनंतर ताटली अर्ध्या वळणाने फिरवा, नाहीतर कोपऱ्यातला जरासा उजेडही अर्काचा परिणाम वाटतो. दोन्ही बाजूंना फक्त द्रावक असलेल्या ताटल्याही ठेवा. त्यात वाळवी निम्मी-निम्मी वाटली गेली नाही तर त्या दिवसाची सगळी चाचणी रद्द. प्रत्येक मात्रेच्या किमान दहा ताटल्या असाव्यात.

याच चाचणीत आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग म्हणजे जुना कागद. अर्क लावलेले कागद काही उघड्यावर, काही बंद डब्यात ठेवून १, ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी पुन्हा वाळवीपुढे मांडावेत. आमचा अंदाज असा की हेक्झानाल आणि फॉर्मिक आम्ल उघड्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंतही तग धरणार नाहीत, अनडेकेन थोडं रेंगाळेल, जड इरिडॉइड जास्त. उत्कलनबिंदू पाहिले तरी हे दिसतं: हेक्झानाल १३० अंशांच्या आसपास, अनडेकेन १९६, सिट्रल २२९. बंद डब्यात चित्र वेगळं दिसलं, तर दाराच्या चौकटीमागची पोकळी, वायरिंगचा पाइप, पुस्तकांची पेटी अशा बंद जागांसाठी एक उपयोग सापडला असं म्हणता येईल.

कागदानंतर माती. काचेच्या नळ्या, १५ सेंटिमीटर लांब, तीन भाग: दोन टोकांना साधी माती, मधले ५ सेंटिमीटर अर्काची. एका टोकाला वाळवी, दुसऱ्या टोकाला ओला पुठ्ठा. वाळवी मधल्या भागात किती मिलिमीटर आत शिरते ते मोजायचं. पुळणीची वाळू आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली जांभ्याची माती, दोन्हींत ही चाचणी हवी. जांभ्यातली लोहाची ऑक्साइडं आणि चिकणमाती आम्लाला धरून बसते. वाळूत जमलं ते जांभ्यात जमेलच असं नाही. ओल इतकी असावी की मूठ वळली तर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. माती सगळ्या नळ्यांत सारखी ठोकून बसवावी. सैल मातीत वाळवी कशीही घुसते.

एक वेगळी ताटलीही ठेवावी अशी कळकळीची विनंती: कागदावर नुसते हुमले चोवीस तास चालू द्या, मग ते काढून तो कागद वाळवीपुढे ठेवा, म्हणजे मुंगी नसताना नुसत्या वासाने वाळवी हटते का ते कळेल. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की वाळवी मुंग्यांच्या पावलांचे हादरे ओळखून त्यांना टाळते. तसं असेल तर मुंगीच्या धाकाचा एक भाग बाटलीत भरताच येणार नाही. हे आधीच कळलं तर कोणी बाटल्या विकायच्या आत लोक सावध होतील. आणि विकण्याचा विषय निघालाच आहे तर: कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी झाल्याशिवाय असा अर्क वाळवीनाशक म्हणून विकता येत नाही, हेही तुमच्या पत्रकात यावं.

दुसरा टप्पा शेतातला. सावरीच्या मऊ लाकडाच्या खुंट्या, ३० सेंटिमीटर लांब, अडीच बाय अडीच सेंटिमीटर जाड, भट्टीत वाळवून वजन केलेल्या. निम्म्या जमिनीत, मीटरभर अंतरावर, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवलेल्या. काही कोऱ्या, काही नुसत्या द्रावकाच्या, काही इमिडाक्लोप्रिडच्या, काही अर्काच्या, आणि सोबत गवती चहाचं तेल, वाळ्याचं तेल व काजूच्या टरफलाचं तेल लावलेल्याही. हे शेवटचे तीन आम्ही मुद्दाम सुचवतो. सिट्रल मुंगीतही आहे आणि गवती चहाच्या तेलात ७० ते ८० टक्के आहे, मग मुंगी मारायची कशाला? वाळ्यातलं नूटकॅटोन फॉर्मोसन वाळवीला हटवतं, हे अमेरिकेतल्या लुइझियानात दिसलं आहे. काजूचं तेल तर आपल्याकडे होड्यांना आणि वाशांना पूर्वापार लावतात, आणि ते उडत नाही. त्यात सिट्रल मिसळलं तर सिट्रलचं उडणं मंदावतं का, हा प्रश्न काजूच्या कारखान्यांच्या मुलखातच सुटायला हवा. लावताना हातमोजे लागतील. बिब्ब्यासारखं भाजतं ते.

खुंट्या तीन प्रकारच्या जमिनीत हव्यात: कातळावरच्या पातळ मातीत, वरकस उतारावर आणि पुळणीच्या माडाच्या वाडीत. १५ दिवस, १, २, ३ आणि ६ महिन्यांनी उपटून पाहा, १० (शाबूत) ते ० (मोडलेली) असे गुण द्या, शेवटी वाळवून पुन्हा वजन करा.

एक इशारा. किनाऱ्यालगतच्या घरांत कोरड्या लाकडातली वाळवी असते, तिला माती लागत नाही, गिलावाही दिसत नाही. वाशाखाली खसखशीसारखे सहा पैलूंचे दाणे पडलेले दिसले तर ती. पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो भुंगा, वाळवी नव्हेच. या दोन्हींवर जोत्यातला कुठलाच उपाय चालत नाही, मुंगीचाही नाही आणि विषाचाही नाही. तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत आधी ही ओळख करून घेतली तर निम्म्या घरांचं औषध वाचेल.

वेळेबद्दल. खुंट्यांचा पहिला संच दिवाळीनंतर लगेच गाडला गेला पाहिजे. तेव्हा जमिनीत ओल असते, वरून पाऊस नसतो आणि वाळवी वर येऊन चरते. दुसरा संच मेअखेरीस, मिरगाच्या आधी, म्हणजे पाऊस किती दिवसांत अर्क धुऊन नेतो ते कळेल. प्रयोगशाळेतलं काम ऑगस्टपासून सुरू झालं तर दिवाळीपर्यंत कोणती मात्रा शेतात न्यायची ते ठरेल. हुमले आणि वारुळांच्या जागा दाखवायला, खुंट्या कातून द्यायला आणि दर महिन्याच्या मोजणीला माणसं पुरवायला आम्ही तयार आहोत. जागा कोणत्या घ्यायच्या ते विभागाने पावसाळ्यातच ठरवावं. वारुळं तेव्हाच नीट ओळखू येतात.

आपले,
कोकणातील काही कीटक-अभ्यासक, बागायतदार आणि सुतार